मागच्या कोपऱ्यातल्या बाई

शाळेत लागून मला तेरा दिवस झाले होते. आठवी ‘ब’ला उष्णतेचं वहन शिकवत होते. फळ्यावर सळईची आकृती काढत असताना मागचं दार उघडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर एक उंच, हाडकुळ्या बाई हातात बुटकं लाकडी स्टूल घेऊन आत येत होत्या. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल. मला काही विचारलं नाही, मुलांना काही सांगितलं नाही. मागच्या कोपऱ्यात खिडकीपाशी स्टूल टेकवलं, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि मांडीवर वही उघडली. अठ्ठावन्न मुलांपैकी एकानंही मान वळवली नाही. त्यांना सवय होती. सवय नव्हती ती मला.

पुढची पंचवीस मिनिटं मी काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. खडू दोनदा मोडला एवढं आठवतं. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या मुलांकडे बघत होत्या आणि लिहीत होत्या. घंटा झाली तशा स्टूल उचलून निघून गेल्या.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“‘समजलं का’ असं तू एकवीस वेळा विचारलंस. एकवीस वेळा पोरं ‘हो’ म्हणाली. तुका काय वाटता, समजलां?”

खोलीतल्या सगळ्यांनी डबे खाता खाता कान टवकारले. 

“खिडकीजवळची वेणीवाली, ती सुलभा. तिनं वहीत लिहिलंय, ‘उष्णता सळईतून चालत जाते का?’ चांगला प्रश्न आहे. विचारला नाही. का विचारला नाही? कारण तू ‘समजलं का’ विचारलंस, ‘काय समजलं नाही’ असं नाही विचारलंस.” मग जरा थांबून म्हणाल्या, “उद्या तिसरा तास तुझा मोकळा आहे. माझ्या वर्गात ये. माझं काढ.”

“काय काढू?”

“चुका गो. फुलं काढशील काय?”

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. शाळा विक्रोळीत, पूर्वेला. मागे खाडीच्या बाजूला तिवरं, पुढे कारखान्यांच्या भोंग्यावर उठणारी-जेवणारी वस्ती. गिरण्यांच्या संपानं घरं बसलेली पुष्कळ कोकणी कुटुंबं तेव्हा नातेवाइकांच्या आधारानं आमच्या भागात येऊन राहिली होती. बाई स्वतः सावंतवाडीकडच्या. मुंबईत सगळं आयुष्य काढलं, तरी राग आला की मालवणी बोलायच्या आणि माया आली तरी मालवणीच. दोन्हीतलं नेमकं काय आलंय हे समोरच्याला पटकन कळायचं नाही.

गणित शिकवायच्या. मी वही घेऊन त्यांच्या वर्गात गेले त्या दिवशी त्यांनी पाचवीच्या पोरांसमोर टेबलावर पावाच्या दोन लाद्या ठेवल्या होत्या. एक सहा पावांची, एक आठ पावांची. “अर्धी लादी कुणाला हवी?” सगळ्यांचे हात वर. मग एकाला तीन पाव दिले आणि एकीला चार. तीनवाला भांडायला उठला. “बाई, ही चिटिंग आहे!” “कशी? तुलाही अर्धी, तिलाही अर्धी.” त्यावरून अर्धा तास वर्गात जो गदारोळ झाला, त्यातून अपूर्णांकाचा छेद म्हणजे काय हे त्या पोरांना जन्मभरासाठी कळलं असावं. तेवढ्यात मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारात आले. जमिनीवर पावाचा चुरा, बाकांवर चढलेली पोरं. “बाई, शाळा आहे की बेकरी?” बाई म्हणाल्या, “सर, आत या, तुम्हाला पाव लादी देऊ की पाऊण?” मोठे सर आत आले नाहीत.

मी मात्र माझ्या वहीत लिहिलं होतं, ‘बाईंनी मुलींना तीन वेळा विचारलं, मुलांना अकरा वेळा.’  त्यांनी ते दोनदा वाचलं. जबडा आवळला. ते पान फाडून ठेवून घेतलं, वही परत दिली आणि त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी घरी मुलुंडला जाऊन आईला सांगितलं की आता वाट लागली. दुसऱ्या दिवशी समजलं, बाईंनी वर्गात जाहीर केलं होतं की पुढचे आठ दिवस फक्त मुली उत्तरं देणार. मुलग्यांनी ऐकायला शिकायचं.

त्या गोड स्वभावाच्या होत्या असं मी मुळीच म्हणणार नाही. स्टाफरूममध्ये दुसऱ्याच्या टेबलावरचे तपासलेले पेपर न विचारता उचलायच्या. बरोबर उत्तरांवर नजरही टाकायच्या नाहीत, चुकलेली गणितं मात्र चाटून-पुसून वाचायच्या. “बरोबर उत्तर कुणाचंही बघून लिहिता येतं. चूक ज्याची त्याची असते,” असं म्हणायच्या. मराठी शिकवणाऱ्या एक बाई त्यांच्या बोलण्यानं इतक्या दुखावल्या की वर्षभर आमच्या बाई आत आल्या की त्या उठून जात. चित्रकलेच्या सरांना त्यांनी एकदा भर वर्गात सांगितलं, “सर, तुम्ही चांगल्या चित्रांना शाबासकी देता. वाईट चित्रं काढणाऱ्यांना चित्रकला कोण शिकवणार?” सर तेव्हा लालबुंद झाले. पण पुढच्या शनिवारी तेच आधी हजर.

शनिवार म्हणजे आमची बैठक. शाळा साडेअकराला सुटायची. प्रयोगशाळेत स्टुलांवर बसायचं. बाई थर्मासमधून गूळ घातलेला कोरा चहा आणायच्या. मी गेले तेव्हा तिघं होतो, वर्षअखेर नऊ झालो. नियम एकच. चांगला झालेला तास सांगायचा नाही. फसलेला सांगायचा. कुठे पोरं निसटली, ते सांगायचं. मग बाकीच्यांनी उपदेश करायचा नाही, प्रश्न विचारायचे. आणि मग दोघा-तिघांनी मिळून तोच तास नव्यानं बांधायचा, सोमवारी एकानं घ्यायचा, बाकीच्यांनी मोकळ्या तासाला मागे बसून मुलांकडे बघायचं. बी.एड.च्या वर्षभरात मी जे शिकले नव्हते ते त्या प्रयोगशाळेत शिकले. पण दर शनिवारी मी सगळ्यांत शेवटी आत जायचे. आपलं फसलेलं चारचौघांत सांगायचं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

इतिहासाचे सर या सगळ्याच्या विरुद्ध होते. पन्नाशीला आलेले, पत्नी चार वर्षांपूर्वी गेलेली. तेव्हापासून खुर्चीत बसून जुन्या वहीतून उतरवून द्यायचे. पोरं दंगा करायची, ते खिडकीबाहेर बघत बोलत राहायचे. बाई दर सोमवारी त्यांच्या दारावर टकटक करायच्या. “सर, येऊ का?” आतून उत्तर, “नको.” आणि कडी लावल्याचा आवाज. असं वर्षभर. इतरांकडे बाई न विचारता घुसायच्या, त्यांच्याकडे मात्र विचारायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्यांका आधीच खूप लागलेलां हा.”

एका सोमवारी आतून “या” असा आवाज आला.

त्या तासाचं पान उघडून बाईंनी शनिवारी वही सरांच्या हातात दिली. सर ती घेऊन एकटेच व्हरांड्यात गेले, बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, “माझाही एक फसलेला तास आहे. एक कसला, चार वर्षांचे आहेत.” त्यानंतर हळूहळू त्यांचा वर्ग बदलला. चित्रकलेच्या सरांनी त्यांच्यासाठी वर्गाच्या फरशीवर खडूनं किल्ल्याचा नकाशा काढला. पोरं त्यात उभी राहून वेढा कसा पडला ते बघायची. सर खुर्चीतून उठले होते. पण शाळेतलं नाव एकदा पडलं की पुसायला वेळ लागतो. मोठ्या सरांच्या लेखी ते अजून ‘झोपलेले’ मास्तरच होते.

आणि नेमकं त्याच वेळी ते संकट आलं.

वस्तीतली मुलं इंग्रजी शाळांकडे जाऊ लागली होती. पुढच्या जूनपासून आमची पाचवीची एक तुकडी बंद होणार, एक शिक्षक जादा ठरणार, असं माझ्या दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात कळलं. जादा कोण? नियमानं सगळ्यात नवीन. म्हणजे मी. दोन वर्षांची माझी कच्ची नोकरी मार्चमध्ये संपत होती. त्या आधी चार शाळांमध्ये मुलाखती देऊन हात हलवत परत आले होते. वडिलांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, धाकटी बहीण कॉलेजात.

जानेवारीतल्या एका बुधवारी मोठ्या सरांनी मला बोलावलं. हा माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. दहावीच्या पोरांचे फॉर्म ते स्वतः बसून भरून घ्यायचे, कुणाचा राहिला तर घरी निरोप पाठवायचे. पण निकाल आणि संस्थेचे लोक यांची त्यांना फार धास्ती होती.

“बसा,” ते म्हणाले. “तुमचं काम मला आवडतं. तुम्ही जावं असं मला वाटत नाही.”

मी खुर्चीच्या कडेवर बसले.

“ज्यांनी खरं तर जायला हवं, ते जुने आहेत, कायम आहेत. इतिहासाचे सर. त्यांना शिकवता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर काही नाही. कागद आहे तो बाईंच्या वह्यांत. कोण कसं शिकवतो, सगळं लिहिलेलं आहे त्यांनी. मी मागितल्या, त्या देत नाहीत. म्हणतात, खासगी आहे.” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “आता एखाद्या शिक्षिकेची तक्रार असेल, की बाई परवानगी न घेता वर्गात येतात, नोंदी ठेवतात, मानसिक त्रास होतो, तर संस्थेच्या समितीला त्या वह्या मागवता येतील. त्या सरांचा प्रश्न मिटला की जागेचा प्रश्न मिटला. मी तुम्हाला काही खोटं लिहायला सांगत नाही. पहिल्या दिवशी त्या तुम्हाला विचारून आल्या होत्या का?”

“नाही.”

“त्रास झाला होता?”

“झाला होता.”

“मग तेवढंच लिहा.”

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर मी सहा ओळी लिहिल्या आणि सही केली. प्रत्येक वाक्य सुटं धरलं तर खरं होतं. बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात बाई सहावीच्या पोरींना घेऊन दोरीनं जिना मोजत होत्या. मला बघून म्हणाल्या, “काय गो, तोंड कित्यां उतरलां?” मी म्हटलं, डोकं दुखतंय.

गुरुवार, शुक्रवार मी कशी शिकवत होते देव जाणे. घरी कुणाला सांगितलं नाही. शनिवारी जाऊ नये असंच ठरवलं होतं. साडेअकरा वाजता पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले.

प्रयोगशाळेत सगळे बसले होते. इतिहासाचे सर चहा ओतत होते. बाई म्हणाल्या, “आज कोण?” मी म्हटलं, “मी.” आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बुधवारचं, कागदाचं, सहीचं. सरांच्या जागेचंही. सरांच्या हातातला कप तसाच राहिला.

चित्रकलेचे सर ताडकन उठले. “अरे यार! आम्ही इथे कपडे काढून बसल्यासारखं सगळं सांगतो, आणि तू जाऊन...” पुढचं त्यांनी गिळलं. “बाई, हिला बाहेर काढा.”

“बसा,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी रोजचा, जसा त्या फसलेल्या तासाबद्दल विचारायच्या तसा. “लिहिताना काय मनात होतं?”

“की मी खोटं काही लिहीत नाहीये.”

“हं. आणि सही करताना?”

“की हे खोटं आहे.”

त्यांनी मान हलवली.  पिशवीतून वह्या काढल्या. सात होत्या. चित्रकलेच्या सरांकडे हात पुढे करून म्हणाल्या, “ब्लेड द्या.” शिवण कापत गेल्या, पानं सुटी करत गेल्या आणि ज्याचं त्याला देत गेल्या. प्रत्येक पान वाचून, खात्री करून. तासभर लागला. खोलीत फक्त दोरा तुटल्याचा आवाज. माझी पानं माझ्यासमोर ठेवली तेव्हाही वर बघितलं नाही. शेवटी स्वतःपुढे एक गठ्ठा राहिला, आम्ही त्यांच्या वर्गात बसून लिहिलेला. तो पिशवीत टाकला आणि थर्मास उचलून गेल्या.

समितीची तारीख त्यानंतर दोन आठवड्यांनी लागली. ते दोन आठवडे बाई माझ्या वर्गात आल्या नाहीत. पहिल्यांदा ज्या कोपऱ्याची मला भीती वाटली होती, तो रिकामा कोपरा आता मला शिकवू देत नव्हता.

मोठ्या सरांच्या खोलीत समितीचे तिघे बसले. अध्यक्ष वकिली सोडलेले गृहस्थ होते, सावकाश बोलायचे. मला साक्षीला बोलावून भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं. बाई उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“वह्या आणल्यात?”

“वह्या नाहीत. पानं होती, ज्याची त्याला दिली.”

“कधी?”

“मागल्या पंधरवड्यात, शनिवारी.”

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय ते कळलं.

“म्हणजे पुरावा नष्ट केलात,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्याकडे आता काहीच नाही?”

“आहे की. माझ्याबद्दल इतरांनी लिहिलेलं आहे. ते माझं आहे, म्हणून देता येतं.” त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘मुलींना तीन वेळा विचारलं, मुलांना अकरा.’ ‘उत्तर यायची वाट पाहिली नाही, स्वतःच सांगून मोकळ्या झाल्या.’ ‘मागच्या बाकावरचा मुलगा चुकला तेव्हा हसल्या. तो नंतर तासभर बोलला नाही.’” त्यांनी चष्मा काढला. “बाई, तुमचं स्वतःचं शिकवणं धड नाही, आणि तुम्ही दुसऱ्यांचं तपासत फिरता?”

“होय,” बाई म्हणाल्या.

मी विश्वासानं लिहिलेलं एकेक वाक्य तिथे आरोप होऊन बाहेर येत होतं. अध्यक्षांनी विचारलं, “हे अक्षर कुणाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

“आणि ही तक्रारही तुमचीच. मग तर स्पष्टच आहे.”

 मी कधी उठून उभी राहिले ते मला कळलं नाही.

“तक्रार माझी आहे, पण ती परत घेते. पहिल्या दिवशी बाई न विचारता आल्या, मी घाबरले, हे खरं आहे. पण त्यानंतर दीड वर्ष मी त्यांना बोलावत होते. दर आठवड्याला. ते मी लिहिलं नाही.”

“विचार करून बोला,” मोठे सर हळूच म्हणाले. त्यात धमकी नव्हती. खरंच सांगत होते.

“का लिहिलं नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझी नोकरी जाऊ नये म्हणून.”

कुणी काही बोलायच्या आत दार उघडलं. इतिहासाचे सर. शिपाई मागून त्यांचा हात धरू बघत होता. सरांच्या हातात घडी घातलेलं एक पान होतं.

“मला बोलावलेलं नाही, माहीत आहे. पण हे सगळं माझ्यासाठी चाललंय ना? मग माझं पान मीच वाचतो.” आणि त्यांनी वाचलं. त्यांचा आवाज मी इतका स्थिर कधी ऐकला नव्हता. “‘सहावी अ. चाळीस मिनिटांत एकाही मुलानं वर पाहिलं नाही. घंटा झाल्यावर रमेशनं डस्टर उचलून दिलं आणि विचारलं, सर, मग त्या राणीचं काय झालं? सरांनी उभं राहून सांगितलं. दोन मिनिटं. तेवढ्यासाठी नऊ मुलं डबा सोडून दारात थांबली. हे दोन मिनिटांचे मास्तर फार चांगले आहेत. त्यांना चाळीस मिनिटं कशी द्यायची?’” त्यांनी पानाची घडी केली. “हा माझ्याविरुद्धचा पुरावा. सध्या मी पंचवीस मिनिटांपर्यंत आलोय. कुणालाही मागे येऊन बसू दे.”

बाहेर व्हरांड्यात चित्रकलेचे सर आणि आणखी चौघं उभी होती. ती आत आली नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

अध्यक्षांनी गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, “हे सगळं ठीक आहे. बाई, तुम्ही संस्थेची परवानगी घेतली होती का?”

“नाही.”

“का नाही?”

“तुम्ही दिली नसती.”

तिथे सगळं संपलं. एक शब्द नरमाईचा बोलल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं, असं चित्रकलेचे सर पुढे कितीदा तरी म्हणाले. मला तसं वाटत नाही. तो शब्द त्यांच्याकडे नव्हताच.

समितीचा निकाल एप्रिलमध्ये लागला. इतिहासाचे सर राहिले, त्यांच्याविरुद्ध कागद झालाच नाही. शनिवारची बैठक बंद. बाईंची बदली संस्थेच्या देवनारच्या शाळेत, आणि तिथे गणिताऐवजी विज्ञान. ती शिक्षाच होती, सगळ्यांना कळत होतं. मी जादा ठरले. मोठ्या सरांनी मला दाखला देताना उठून उभं राहून नमस्कार केला, हे मात्र सांगायला हवं.

बाई शाळा सोडून गेल्या त्या दिवशी मला त्यांच्यासमोर जाण्याचा धीर झाला नाही.

जून संपत आला होता. मी घरी बसून शिकवण्या शोधत होते. एक पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, मायना नाही, सही नाही. ‘वीज हा धडा मला येत नाही. गुरुवारी चारला देवनारच्या शाळेत ये.’

गेले. त्या भागात वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. रिकाम्या वर्गात पुढच्या बाकावर बाई पुस्तक उघडून बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “विद्युतप्रवाह म्हणजे नेमकं काय वाहतं? पुस्तकात लिहिलंय ते वाचलं. नाही कळलं.”

मी फळ्याशी गेले. सांगितलं. “नाही कळलं.” पुन्हा वेगळं सांगितलं. “अजून नाही.” पन्नाशी उलटलेली, सगळी शाळा जिला घाबरायची ती बाई बाकावर बसून, न लाजता, न चिडता मला सांगत होती की तिला कळत नाहीये. चौथ्यांदा सांगताना माझंच कुठे चुकत होतं ते मला सापडलं. “आता जरा उजेड पडला,” त्या म्हणाल्या.

निघताना मी कसाबसा विषय काढला. “बाई, त्या कागदाबद्दल...”

“आधी वीज संपव गो. पोरं सोमवारी विचारतील, तेव्हा काय सांगू?”

दर गुरुवारी जात राहिले. वीज संपली, चुंबक झाला, प्रकाश सुरू झाला. तिथलेही कुणी शिक्षक बाईंना वर्गात येऊ देत नव्हते. “एक शिवणाच्या बाई आहेत, त्या परवा दार अर्धं उघडून बोलल्या,” हे त्यांनी मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं सांगितलं. कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही पुन्हा जमला नाही.

नोव्हेंबरात मुलुंडच्या एका शाळेत मुलाखत आली. मी बाईंना सांगितलं, त्यांनी फक्त शाळेचं नाव विचारलं. मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि एक पत्र पुढे घेतलं. पेन्सिलीचं अक्षर मी उलट्या बाजूनंही ओळखलं.

“तुमच्याबद्दल एका बाईंनी न मागता पाठवलंय. वाचते. ‘फळ्याकडे तोंड करून बोलते. सांगण्याची घाई करते. घाबरली तर नको त्या कागदावर सही करते. मग न बोलावता येऊन, सगळ्यांसमोर, स्वतः सांगते. अठ्ठावीस वर्षांत असं करणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. घ्यावी.’” त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “यातलं खरं काय?”

“सगळं,” मी म्हटलं.

गुरुवारी देवनारला जाऊन मी बाईंना सांगितलं की सोमवारपासून रुजू व्हायचंय. त्या पुस्तकात बोट घालून बसल्या होत्या.  बाकावर बाजूला सरकल्या, माझ्यासाठी जागा केली आणि पान उलटलं.

“बरां झालां. आता आवाजाचा धडा काढ.”